गडव्याच्या झाडाची माती

कारंज्याकडच्या मातीला नावं ठेवलेली आमच्यात कोणी खपवून घेत नाही. ही काळी माती ओली असताना मुठीत दाबा. मूठ उघडली तरी ती मुठीचाच आकार धरून बसते, बोटांचे ठसे तिच्यात राहतात. उन्हाळ्यात तीच अशी भेगाळते की बैलाचा खूर अडकावा. देणारी आहे, आणि धरून ठेवणारीही आहे. या मातीत काय येत नाही, असं बाहेरच्या माणसाला आम्ही छाती पुढं काढून विचारतो. मीही विचारत आलो. त्या प्रश्नाचं उत्तर आमच्या गावाला एकदा मिळालं होतं. ते कोकिळेजवळ होतं, आणि ते तिच्याकडून कसं निघालं तेच आज सांगतो.

कोकिळा ही आमच्या शेजारच्या नत्थूजींची एकुलती लेक. माझी बायको आनंदाबाई याच गावची. ती आणि कोकिळा लहानपणापासूनच्या मैत्रिणी. भुलाबाईच्या दिवसांत गल्लीतल्या पोरी गाणी म्हणत घरोघर फिरत, तेव्हा पहिला आवाज कोकिळेचा असे, आणि झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायचीही तीच. नुसता वास घेऊन सांगे, "खोबरं हाये, पन खवट हाये वं काकू." काकू तिच्या पाठीत धपाटा घालीत आणि मोठा वाटा तिलाच देत.

नत्थूजींचा धंदा संत्र्याचे डोळे बांधण्याचा. जंबेरीच्या, म्हणजे रानटी आंबट लिंबाच्या, रोपाच्या सालीला चाकूनं चीर द्यायची, गोड संत्र्याच्या फांदीवरचा एक डोळा काढून त्या चिरेत बसवायचा आणि केळीच्या सोपटानं आवळून बांधायचा. डोळा लागला तर संत्रा, नाही लागला तर नुसती जंबेरी. नत्थूजींनी बांधलेला डोळा सहसा सुकत नसे. लोक म्हणत, या माणसाच्या हातालाच यश आहे. म्हणून आमच्या गावात एक रीतच पडून गेली होती. नवी सून घरात आली की तिच्या दारची तुळस नत्थूजींच्या हातानं लावायची. त्या दिवशी ते धुतलेलं धोतर नेसत, डोक्याला पागोटं बांधत, आणि ओंजळीत रोप घेऊन असे चालत की जणू देवच नेतायत. माणूस प्रेमळ होता. पण झाडाच्या बाबतीत कोणाचं ऐकणारा नव्हता. कोणी ऐकवतही नसे.

कोकिळेचा नवरा चिंधू रेल्वेच्या गँगमध्ये होता. देशाची फाळणी झाली, आसामकडं नव्या लायनीचं काम निघालं, तेव्हा गँगमधली काही माणसं तिकडं धाडली, त्यांत तो गेला. पुढं तिकडंच डोंगरातल्या लायनीवर राहिला आणि कोकिळेलाही घेऊन गेला. ती गेली तेव्हा गाव स्टँडवर आलं होतं. त्रेपन्न सालच्या भाद्रपदात ती परत आली, तेव्हा तिला आणायला नत्थूजी एकटेच वर्ध्याला गेले होते. चिंधू तिकडच्या तापानं गेला होता.

तिच्याजवळ एक पत्र्याची पेटी होती, आणि मांडीवर डालड्याचा डबा. तितक्या लांबच्या प्रवासात, इतक्या गाड्या बदलून, तो डबा तिनं खाली ठेवला नव्हता. त्यात एक झाड होतं.

असं झाड आमच्याकडं कोणी पाहिलं नव्हतं. पानं लांब, हिरवीगार. प्रत्येक पानाचं टोक पुढं दोऱ्यासारखं वाढलेलं, आणि त्या दोऱ्याला एकेक गडवा लटकलेला. आम्ही तांब्याला गडवा म्हणतो. अगदी तसाच, हिरवट तांबूस, वर झाकण, आणि आत पाणी. वासाला माशी येते, काठावरून घसरते, आत पडते आणि तिथंच विरघळते. झाड तिच्यावर जगतं. पुस्तकात त्याला घटपर्णी म्हणतात हे मला फार मागाहून कळलं. गावानं त्याला गडव्याचं झाड म्हटलं. चिंधूनं ते डोंगर कापून लायनीसाठी केलेल्या कटिंगवरून आणून कोकिळेला दिलं होतं. डब्यात माती अशी नव्हतीच. दगडाची कच होती, कुजलेली साल होती, आणि वाळल्या केसांसारखं तांबूस शेवाळ.

कोकिळा तो डबा ओसरीच्या कोपऱ्यात ठेवून त्याच्याजवळ बसून राही. बोलत नसे असं नाही. विचारलं तर बोले. पीठ मळे, पाणी भरी. पण तिचं बोलणं म्हणजे रिकाम्या घरात कोणी भांडं ठेवल्यासारखं वाटे.

आमच्या कुणब्यांत विधवेचा मोहतूर लागतो. मोहतूर म्हणजे बाईचं दुसरं लग्न. वाजंत्री नाही, मांडव नाही, पण संसार खरा. पोर बाविशीची, पाठीवर भाऊ नाही, आईबाप उतारवयाला लागलेले. नत्थूजींच्या जिवाला घोर लागला होता. आपण गेल्यावर हिला कोण, हा एकच प्रश्न ते ज्याला त्याला विचारत. दिवाळी झाली आणि अल्लीपूरचं स्थळ चालून आलं.

रूपराव माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. बायको वारलेली, दोन लहान लेकरं, सपाट काळं शिवार, घरात कपाशीचे ढीग. तो स्वतःच आला, ओसरीवर बसला, आणि त्याची नजर त्या डब्यावर गेली.

"हे काय नत्थूजी? झाडाले लोटे लटकवले काय?"

त्यानं एका गडव्यात बोट घातलं आणि चटकन काढलं. बोटाला मेलेली माशी चिकटली होती.

"ते खाते," दाराआडून कोकिळा म्हणाली.

"काय खाते? माशी?"

"माशी, मुंगी. जे पडन ते."

रूपराव मोकळेपणानं हसला. "मंग त आमच्या घरी याचे लाडच होतीन. आमच्या गोठ्यात माश्याच माश्या!"

सगळे हसले. आनंदाबाई तिथं होती. ती म्हणते, कोकिळेच्याही ओठांचा कोपरा हलला होता. तेवढ्यात तिची आई मनकर्णाबाई म्हणाली, "मंग पोरी, काय सांगू यायले? माणूस दारात आला हाये."

कोकिळेनं त्या झाडाकडं पाहिलं. मग म्हणाली, "ज्या दिवशी या घरी या झाडाले नवा गडवा येईन, त्या दिवशी म्या हो म्हणीन."

नत्थूजींनी मांडीवर थाप मारली. "अवं, म्हंजे हो म्हणूनच बसली की! गडवा आनायचं माह्या हातात हाये."

"नत्थूजीच्या हातात?" रूपराव उठता उठता म्हणाला. "मंग म्या आतापासूनच दिवस पाहून ठेवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळीच नत्थूजी कामाला लागले. कुंभाराकडून नवा गमला आणला. नाल्याचा मऊ गाळ, शेतातली निवडक काळी, जुनं मुरलेलं शेणखत, चुलीची राख, आणि वरून कुटलेली करडीची ढेप. दोन्ही हातांनी ते असं कालवलं की सणाच्या पुरणालाही कोणी इतकं घोटत नसेल. मग डबा उपडा केला. आतली कच आणि शेवाळ मुळांपासून हलक्या हातानं सोडवलं आणि टोपलीत टाकलं.

"काय वं हा कचरा भरला होता जावयानं," ते हसून म्हणाले. "उपाशी ठेवलं बिचाऱ्याले. आता पाह्य, कसं पोटभर जेवू घालतो."

कोकिळा दाराची चौकट धरून उभी होती. आनंदाबाई सांगते, तिनं एकदा तोंड उघडलं, आणि मिटलं. टोपली उकिरड्यावर रिकामी झाली.

ती तेव्हा बोलली असती तर ही गोष्ट मला सांगावी लागली नसती. ती का बोलली नाही हे मला वाटतं तिचं तिलाही त्या दिवशी पुरतं कळलं नसेल. पण कळायला फार दिवस लागले नाहीत.

आधी गडव्यांची झाकणं सुकली. मग गडवे कडेपासून तपकिरी होत गेले, आतलं पाणी आटलं, आणि हात लावला तर कागदासारखे वाजू लागले. नत्थूजींना वाटलं, भूक पुरत नाही. त्यांनी आणखी ढेप घातली. पानांची टोकं जळाली. मग त्यांना वाटलं, माती जड झाली. त्यांनी झाड उपटलं, नदीची वाळू मिसळली, खत तेवढंच ठेवलं, पुन्हा लावलं. मग ताजं शेण कालवून पाहिलं. मग गाळ काढून नुसती बगीच्यातली माती घातली, जिच्यात त्यांची जंबेरी वीतभर वाढते. प्रत्येक वेळी मुळं काढली की आधीपेक्षा काळी निघत, जळक्या दोऱ्यासारखी, आणि बोटात तुटत. विहिरीचं पाणी सकाळ-संध्याकाळ पडत होतं. गमल्याच्या काठावर पांढरी खार धरली होती.

गाव पाहत होतं. लिंबाखालच्या पारावर बसणाऱ्यांना दुसरं काम नव्हतं.

"नत्थूजी, तुमचं झाड माळकरी झालं म्हनते! माशी सोडली त्यानं?"

"अवो, त्याले कोंबडीचा रस्सा पाजा एक डाव. गडवा काय, घागर लागते का नाई पाहा!"

नत्थूजी हसून पुढं जात. पण घरी आले की हात धुताना तळवे उलटेसुलटे करून पाहत.

त्याच हिवाळ्यात त्यांनी बांधलेले डोळेही लागेनात. ज्यांच्या बगीच्यात त्यांनी काम केलं, त्यांच्याकडून एकेक बातमी येऊ लागली. सोपट सोडलं तर आतला डोळा काळा. काहीजण म्हणाले, यंदा थंडीच वाईट. बाकीचे काही म्हणाले नाहीत, आणि तेच वाईट होतं. मी एकदा त्यांना काम करताना पाहिलं. ते चीर देत होते जंबेरीला आणि पाहत होते घराकडं.

विहिरीवर आनंदाबाईनं कोकिळेला गाठलं. बादली वर येईपर्यंत दोघींत जे बोलणं झालं ते आनंदाबाईनं मला जसंच्या तसं सांगितलं.

"कोकिळे, तुले माहीत हाये त्याले काय लागते. तू तिकडं पाह्यलं हायेस."

"हाये माहीत."

"मंग सांगत काऊन नाई?"

"सांगतलं त जगते."

"मंग बरंच हाये ना वं."

"जगलं त मले जा लागते."

"अन् मेलं त?"

कोकिळेनं बादली ओतली. घागर भरली. मग म्हणाली, "मेलं त ते बी गेले."

ती घागर डोक्यावर घेऊन निघून गेली. आनंदाबाई म्हणते, तिच्या चालीत पाण्याचा एक थेंबही सांडला नाही.

माघात आमच्या गल्लीच्या टोकाच्या घरी नवी सून आली. वरातीच्या दुसऱ्या दिवशी नत्थूजींनी सकाळी अंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसले, पागोटं बांधलं, आणि ओसरीवर येऊन बसले. तुळशीचं रोप त्यांनी आधीच काढून पानात गुंडाळून ठेवलं होतं. बोलावणं येणारच होतं. आजवर न येता राहिलं नव्हतं. ऊन ओसरीवर आलं, सरकत सरकत भिंतीवर चढलं. पाहुण्यांच्या बैल जुंपलेल्या दमण्या एकामागून एक निघून गेल्या. मग तिकडून येणाऱ्या एका पोरीनं मनकर्णाबाईला सहज सांगितलं, की तुळस लावून झाली, सुनेच्या मामानं लावली.

नत्थूजींनी पागोटं काढलं, त्याची नीट घडी केली, आणि गुडघ्यावर ठेवली. रोप पानातच कोमेजून गेलं होतं. मनकर्णाबाई म्हणाली, "जाऊ द्या, जेवून घ्या." ते म्हणाले, "भूक नाई." कोकिळा आतून हे पाहत होती. चिंधू गेल्याची खबर सांगतानाही जी रडली नव्हती, ती त्या दिवशी चुलीसमोर धुराचं निमित्त करून रडली.

फाल्गुन लागला आणि एका दुपारी गारा पडल्या. आमच्याकडं गारा म्हणजे कर्दनकाळ. संत्र्याला तेव्हा आंबिया बहार असतो. पांढरी फुलं, नुकती धरलेली बारीक फळं. पत्र्यांवर गोटे आदळावे तसा आवाज झाला, आणि थांबला. सगळं गाव बगीच्यांकडं धावलं. मीही धावलो. झाडांखाली पांढरा सडा पडला होता, आणि त्यात फूल कोणतं अन् गार कोणती ते कळत नव्हतं. बाया कपाळावर हात मारून घेत होत्या.

नत्थूजींच्या अंगणात मात्र कोकिळा परातीत गारा गोळा करत होती. मी आणि नत्थूजी बगीच्यातून परतलो तेव्हा ती ओणवी होऊन वेचत होती, परात भरली की रांजणात ओतत होती. हात गारठून लाल झाले होते.

"हे काय करून राह्यली, कोकिळे?" नत्थूजींच्या आवाजात राग होता. "गावाचा बहार गेला अन् तू गारा खेळतं?"

"पानी जमवून राह्यली."

"विहीर आटली काय?"

"विहिरीचं नाई चालत त्याले. त्यात खार हाये. गमल्याचा काठ पाह्यला नाई तुमी?"

नत्थूजी गमल्याकडं वळले. झाडाचं आता एक खोड आणि दोन पानं उरली होती. ते त्या पांढऱ्या खारीकडं पाहत राहिले.

"अन् माती?" त्यांनी विचारलं. माझ्या आठवणीत झाडाविषयी त्यांनी दुसऱ्याला विचारलेला हा पहिला प्रश्न.

"माती नाई लागत त्याले, बाबा." ती उभी राहिली. "ते कटिंगच्या दगडात उगते. दगडाची कच, सडकी साल, कोळसा, शेवाळ. पानी आलं का निघून गेलं पाह्यजे. त्याचं पोट वर हाये, खाली नाई. खालून खाऊ घातलं का मरते."

"तुले हे मालूम होतं?"

"होतं."

"मंग इतके दिवस..."

"तुमी इचारलंच कुठं?"

ते खरं होतं. पण तेवढंच खरं नव्हतं, आणि ते दोघांनाही कळत होतं. मी तिथून निघावं की थांबावं हे मला समजेना. मग नत्थूजी गारांच्या चिखलातच खाली बसले, धोतराचा सोगा खोचला, आणि म्हणाले, "सांग. काय काय आनू?"

त्या दिवसानंतर बापलेक ती न-माती शोधत हिंडले. नत्थूजींनी मुरूम आणला, कोकिळेनं मुठीत भिजवून दाखवला, "हा बसतो, चिखल होते याचा." नदीची वाळू आणली, ती म्हणाली, "बारीक हाये, दम कोंडते." शेवटी अमरावती रोडवर खडी फोडतात तिथली बारीक कच आणून चाळली, धुतली. लोहाराच्या भात्याजवळचा लाकडी कोळसा बोराएवढा फोडला. जुन्या पडलेल्या आंब्याची सडकी साल आणली. विहिरीच्या आतल्या दगडांवरचं शेवाळ मी दोरावर उतरून खरवडून दिलं. सगळं मिसळून तिनं गमल्यात भरलं आणि वरून तांब्याभर पाणी ओतलं. पाणी क्षणात खालून निघून गेलं. "असं," ती म्हणाली. नत्थूजी जन्मभर माती कालवत आले. त्या दिवशी पहिल्यांदा दुसऱ्याच्या सांगण्यावरून कालवलं, आणि त्यात माती नव्हती.

तो उन्हाळा त्या झाडानं कसा काढला याचं मला अजून नवल वाटतं. कोकिळा ओलं पोतं भोवती बांधी, गारांचं पाणी जपून शिंपडी, आणि दुपारी स्वतः उन्हाच्या बाजूनं बसून राही. वैशाखात जुनी पानं गळून पडली. पण खोडाच्या बुडाशी ज्वारीच्या कोंबाएवढं हिरवं टोक दिसलं. पाऊस लागला, ते वाढलं. श्रावणात पानाच्या टोकाचा दोरा लांबला, दोऱ्याचं टोक फुगलं, वर वळलं, आणि एका सकाळी झाकण उघडलं. अंगठ्याएवढा गडवा. आत स्वच्छ पाणी, जे कोणी घातलं नव्हतं.

"आला वं आला!" नत्थूजी अंगणातून ओरडले. त्यांचा आवाज चार घरं ओलांडून गेला. माणसं जमली. ज्या पारावरून टोमणे येत तिथलेच म्हातारे वाकून वाकून पाहू लागले. "अखेर हात तो हात," एकजण म्हणाला. नत्थूजी सांगू लागले, "अवो, माहा हात नाई, पोरीनं..." पण कोणी ऐकलं नाही, आणि मग त्यांनीही सांगणं सोडलं.

कोकिळा शेवटी आली. तिनं गडव्याला हात लावला नाही. नुसतं पाहिलं, आणि आईकडं वळून म्हणाली, "सांगा त्यायले. हो म्हना."

मी त्या आठवड्यात नत्थूजींना गाठलं. आनंदाबाईनं मला घरात सुखानं बसू दिलं नसतं. मी म्हणालो, "बाबाजी, तिच्या मनात नाई. तिनं झाडासाठी सांगतलं. तुमच्यासाठी सांगतलं."

"तिनं सोताहून सांगतलं," ते म्हणाले. "मनात नसतं त सांगतलं असतं काय? मरू देल्लं असतं ना झाड."

"मरू द्यायले निघालीच होती ती."

त्यांचे डोळे पाणावले होते, पण मान हलत नव्हती. "मी उद्या मेलो त हिले कोन पाहीन? तू? रूपरावची जमीन पाह्यली तू? सोनं हाये सोनं. तिथं कोनी उपाशी राह्यलं नाई आजवर."

मी उठून घरी आलो. जमीन खरंच सोनं होती.

दिवाळीनंतर मोहतूर ठरला. जाण्याआधी एक रीत असते: पहिल्या नवऱ्याची वस्तू दुसऱ्याच्या उंबऱ्याआत नेत नाहीत. मंगळसूत्राचे मणी, चिंधूनं घेतलेलं लुगडं, ती पत्र्याची पेटी, सगळं माहेरी राहिलं. झाडाचं रूपरावला कोणी विचारलं तर तो म्हणाला, "आनू द्या ना. मले काई नाई त्याचं. माश्या हायेतच." पण मनकर्णाबाई आडवी आली. "नाई बावा. लेकराबाळांचं घर हाये. त्याची वस्तू तिथं नको."

कोकिळा वाद घालत बसली नाही. गमल्यासमोर बसून तिनं बापाला सांगितलं, "बाबा, यात काई घालू नका. पावसाचं पानी, बस. रांजण भरून ठेवले हायेत."

"हो वं माय," नत्थूजी म्हणाले. "नाई घालत."

मोहतुराला सवाष्णी जात नाहीत. आनंदाबाईला दारातही उभं राहता आलं नाही. कोकिळा गेली हे आम्हाला दमणीच्या घुंगरांवरून कळलं.

अल्लीपूरला तिचं वाईट झालं नाही. आलेला-गेलेला सांगे, लेकरं तिच्या पदराला धरून असतात, रूपराव तिला शब्द लागू देत नाही, घरात धान्याला तोटा नाही. हे ऐकून नत्थूजींची छाती भरून येई. त्यांनी बांधलेले डोळे पुन्हा लागू लागले होते. तुळशीची बोलावणी पुन्हा येत होती.

अक्षय्य तृतीयेला ती माहेरी आली. त्या दिवशी आमच्याकडं गेलेल्यांच्या नावानं घागर भरतात. मनकर्णाबाईनं सासू-सासऱ्यांच्या नावानं भरली. चिंधूच्या नावानं भरायला आता कोणी नव्हतं. कोकिळा दुसऱ्या घरची झाली होती. ती अंगावर नवं लुगडं, हातात हिरव्या बांगड्या, अंगानं थोडी भरलेली अशी ओसरीवर आली आणि कोपऱ्याकडं गेली.

गमल्यात जंबेरीचं रोप होतं.

नत्थूजी मागून आले. तिच्याआधी तेच बोलले. "नाई टिकलं वं. म्या म्हटलं, दुखण्यातून उठलं हाये. दुखनाईताले आपन पेज देतो, पन उठल्यावर भाकर द्या लागते ना? जनमभर पेजेवर कसं राहीन? म्हून थंडीत कच काढून काळी माती भरली, थोडं खत घातलं. थोडंच. पयले चांगलं हिरवं झालं, मोठमोठी पानं आली. म्या म्हटलं, पाह्य. मंग..." त्यांनी हात हलवला. "जिवाले लागलं माह्या. पन माती वाया कशाले घालवा, म्हून हे लावलं. डोळा बी बांधला. लागला हाये. पाह्य."

कोकिळा वाकली. सोपटाखालून एक हिरवा डोळा बारीक उघडला होता.

"लागला हाये," ती म्हणाली.

"तुह्या हातानं पानी घाल त्याले. माहेरी आली हायेस."

ती विहिरीवर गेली. आनंदाबाई मागं धावली, पण कोकिळेनं तिच्याकडं पाहिलं नाही. बादली सोडली, ओढली, तांब्या भरला. परत येऊन तिनं ते विहिरीचं पाणी जंबेरीच्या बुडाशी सावकाश ओतलं. काळ्या मातीनं ते धरून ठेवलं. खालून एक थेंबही बाहेर आला नाही.

"मोठं होईन," नत्थूजी म्हणाले.

"होईन ना," कोकिळा म्हणाली, आणि रिकामा तांब्या घेऊन आत भाकरी टाकायला गेली.